ट्राउटच्या विणीत गळ कसला टाकता?

संपादक महोदय,
'डिसेंबरमध्ये हिमाचलात ट्राउट फिशिंग' अशी एका सहल कंपनीची जाहिरात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आहे. हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउट धरायला बंदी असते. नदीतळाच्या गोट्यांत मादी अंडी घालते तो हाच काळ. मग पैसे भरलेल्या पर्यटकांना हे लोक दाखवणार काय, बर्फ?

मार्चनंतर खुशाल जा. मत्स्य विभागाचा परवाना काढा आणि वाटाड्या गावातलाच घ्या. तीर्थन नदीवरचा आमचा वाटाड्या आधी पक्कडीने गळाच्या टोकाचा उलटा काटा दाबून सपाट करायचा. मासा लागला की हात पाण्यात भिजवूनच त्याला धरायचा आणि परत नदीत सोडायचा. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासा जगेलच असं नाही. (सोडायचा म्हटल्यावर आमच्या मालवणी मित्राचं तोंड एवढंसं झालं, तो भाग वेगळा.)

बंदीच्या तारखा आणि परवान्याची अट जाहिरातीतच ठळक छापायला हवी. आपल्या पर्यटन पुरवणीने तरी तारखा न तपासता अशा जाहिराती घेऊ नयेत.

— एक निवृत्त पोस्टमास्तर, सातारा