काकडी नीट पीळ

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

तुला हुतात्मा एक्सप्रेसला बसवून घरी आले, फ्रीज उघडला तर तुझ्या त्झात्झिकीची, त्या ग्रीक दही-काकडीची, वाटी तशीच झाकलेली. आदल्या रात्री मी ‘ही तर आपली कोशिंबीर’ म्हणाले आणि तू ताटावरून उठलीस. ते बोलणं मी मागे घेते. संध्याकाळी बाबांनी आणि मी वाटी पुसून खाल्ली.

मग मीच करायला घेतली. श्रीखंडाला टांगतो तसं दही रात्रभर नळाला टांगलं. एप्रिलातलं सोलापूर, सकाळी चक्का इतका आंबट की तोंडात धरवेना. दुसऱ्यांदा अण्णांचं जुनं धोतर फाडून चाळणीवर घातलं आणि चाळणी पातेल्यासकट फ्रीजमध्ये ठेवली. सकाळी फडकं उचललं तर चक्का कडेनं आपोआप सुटला, त्यावर धोतराची वीण उमटलेली. टॉवेल घेऊ नकोस, त्याचे धागे लागतात. काकडी किसून मीठ लावून दहा मिनिटं ठेव, मग मूठमूठ घेऊन पीळ. हिरवं पाणी पडायचं थांबलं असं वाटलं तरी आणखी एकदा पीळ. कोशिंबिरीत सुटलेलं पाणी शेंगदाण्याचं कूट पिऊन घेतं. इथे कूट नाही, साखर नाही, फोडणी नाही, सगळं त्या पिळण्यावर आहे. लसणाच्या दोनच पाकळ्या, मिठाबरोबर ठेचून. कच्चा लसूण दुसऱ्या दिवशी जास्तच चढतो. शेपू बारीक चिरून, लिंबू थोडं, ऑलिव्हचं तेल वरून कच्चंच. ग्रीसमध्ये मेंढीच्या दुधाचं दही घेतात म्हणालीस ना, आपलं म्हशीचंही छान दाट लागलं.

दह्यातून गळलेली निवळ फेकू नकोस, त्याची कढी होते. पण कढी करायला रात्री तू स्वयंपाक करतेस तरी का?

हे विचारायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसले होते.

पहिल्या पगारातून फ्रीज घेतलास, त्या बिलाची झेरॉक्स बाबांनी काढून ठेवली, अजून कपाटात आहे. दिवाळीनंतर मी आले तेव्हा त्या फ्रीजमध्ये या दह्याचा एक डबा आणि गाजराचे तुकडे, एवढंच. तेच तुझं रात्रीचं जेवण. आणि आता रिपोर्टात हिमोग्लोबिन 8.4. बाईमाणसाचं 12 तरी हवं गं. दह्यात लोह नसल्यातच जमा, उलट दूध-दह्यातलं कॅल्शियम गोळीतलं लोह अंगी लागू देत नाही. गोळी या वाटीबरोबर घेऊ नकोस, दोन तास तरी मध्ये जाऊ दे. लिंबूपाण्याबरोबर घेतलीस तर चांगलं. आत्याही ‘भूक नाही गं वहिनी’ एवढंच म्हणायची आणि आम्ही ते खरं धरलं. तू तेव्हा तिसरीत होतीस.

बघ, पुन्हा सुरू झाले. माफ कर. स्वतःचं घर तू चालवतेस, मी इथून शिकवण्यासारखं काही उरलेलं नाही.

काकडी पिळताना एक आठवलं. टोक कापून काकडीवर घासायचं आणि पांढरा फेस काढायचा, ते काम तुझं असायचं. ओट्यापर्यंत पोचायचीस नाही म्हणून आजी तुला पाटावर उभी करायची. फेस संपला की कडू गेलं म्हणून ओरडायचीस, पहिली फोड तुझी. मग दही-भाकरी कुस्करून दोन वेळा मागून घ्यायचीस. दोन वेळा, चिऊ.

कडक भाकरी आणि शेंगाचटणी पार्सलनं पाठवली आहे. भाकरीचा तुकडा मोडून तुझ्या त्या वाटीत बुडवून खा. बाबांनी तशी दीड भाकरी खाल्ली, मग म्हणाले, पोरीनं घरात नवीन काहीतरी आणलं. भाकऱ्या बरेच दिवस टिकतात, पण तू त्या संपव.

पुढच्या महिन्यात रक्त तपासलंस की आकडा आधी मला सांग, बाबांना मी सांगेन.

तुझी,
आई