सही करण्याआधी

विश्रामबाग, सांगली

चि. सौरभ यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा व्यावसायिक (प्रो) बॉक्सिंगचा करार वाचला. त्याबद्दल शेवटी लिहितो. आधी तू फोनवर विचारलंस ते, की हे चॅम्पियन लोक एकमेकांना का टाळतात, घाबरतात का? थोडंफार घाबरत असतीलही. पण फुटक्या भुवईनिशी बारा राउंड उभं राहणाऱ्या माणसाला समोरच्याचं नाव ऐकून कापरं भरत नाही. त्याला शेपूट घालायला लावतो तो हिशेब, आणि बऱ्याचदा तो मांडणारा त्याचा प्रमोटर, म्हणजे लढती भरवणारा माणूस, असतो.

वरच्या पातळीवरचा बॉक्सर वर्षाला साधारण दोन लढती खेळतो. एकेका लढतीमागे आठ-दहा आठवड्यांचा सरावाचा कॅम्प. नॉकआउट झालास तर साधारण 30 ते 90 दिवस वैद्यकीय बंदी. सत्ताविशीपासून चौतिशीपर्यंतचा काळ उमेदीचा धरला, तर हातात सोळा लढती येतात. जन्माचं कमवायचं ते त्यातच. त्यातून ट्रेनरचे साधारण 10 टक्के, मॅनेजरचा वाटा (अमेरिकेत काही राज्यांत तो कमाल एक तृतीयांशापर्यंत जातो), आणि किताब पणाला असेल तर मान्यता देणाऱ्या संघटनेची सुमारे 3 टक्के फी.

आता समज, तू नाव झालेला बॉक्सर आहेस. सोप्या प्रतिस्पर्ध्याशी लढलास तर 20 लाख मिळतात आणि दहात नऊ वेळा तू जिंकतोस. दुसरा एक तगडा डावखुरा आहे, पण त्याला कोणी ओळखत नाही, म्हणून त्याच्याशी लढायचे फार तर 22 लाख. तिथं जिंकण्याची शक्यता निम्मी. हरलास की पुढच्या लढतीचा भाव 8 लाखांवर येतो. सोप्या वाटेनं दोन लढतींची सरासरी कमाई 38 लाख 80 हजार होते. अवघड वाटेनं, जिंकल्यावर पुढच्या वेळीही 22 मिळतील असं धरलं तरी, 37 लाख. म्हणजे जास्त मार खाऊन 1 लाख 80 हजार कमी! कोणता मॅनेजर ही लढत घेईल? आकडे मी धरलेले आहेत, पण गणित याच चालीनं चालतं. सगळ्यात जास्त टाळला जातो तो धोकादायक पण तिकिटं न खपवणारा माणूस. पहिल्या क्रमांकाचा बॉक्सर त्यामानानं कमी टाळला जातो.

जत्रेच्या मैदानात जोडी लावताना आपल्याकडचे वस्ताद हेच करतात. नाव झालेला पैलवान ते कुंडलच्या मैदानासाठी राखतील, पण कुठल्याशा गावच्या अनोळखी, दमसासाच्या पोरावर पाच हजारांच्या इनामासाठी सोडणार नाहीत. जिंकला तर कौतुक नाही, चितपट झाला तर हंगाम गेला.

गेनाडी गोलोव्हकिनचं उदाहरण घे. 2004 च्या अथेन्स ऑलिम्पिकचं रौप्य, मग प्रोमध्ये सलग 23 नॉकआउट. मिडलवेटमधली नावाजलेली मंडळी त्याच्या वाऱ्याला उभी राहत नव्हती. कॅनेलो अल्वारेझकडे डब्ल्यूबीसी या संघटनेचा बेल्ट, म्हणजे किताब, होता आणि गोलोव्हकिन त्याचा सक्तीचा आव्हानवीर होता, म्हणजे ज्याच्याशी लढावंच लागतं असा. मे 2016 मध्ये कॅनेलोनं तो बेल्टच सोडून दिला. लढत झाली सप्टेंबर 2017 मध्ये. तोवर गोलोव्हकिन 35 वर्षांचा, कॅनेलो 27 चा. बरोबरीत सुटली, आणि एका जजनं तर कॅनेलोला 118-110 असे गुण दिले होते. जो तिकिटं खपवतो त्याच्याशी लढताना गुणांच्या निकालावर विसंबायचं नाही, हेही त्यातच आलं. या थांबून राहण्याला तिकडचे प्रमोटर ‘मुरवणं’ म्हणतात. लढत मुरते म्हणजे समोरच्याचे पाय जड होण्याची वाट बघितली जाते.

मेवेदर आणि पॅकियाओ या दोन बड्या बॉक्सरांचंही तसंच. बोलणी 2009 च्या अखेरीस सुरू झाली आणि मार्च 2010 ची लढत रक्ततपासणीच्या अटीवर फिसकटली. प्रत्यक्ष रिंगमध्ये आले ते 2 मे 2015 ला, 38 आणि 36 वर्षांचे होऊन. मधल्या काळात, डिसेंबर 2012 मध्ये, मार्केझ नावाच्या बॉक्सरनं पॅकियाओला सहाव्या राउंडमध्ये पालथा पाडला होता. कमाईची वाटणी 60-40, मेवेदरच्या बाजूनं. अमेरिकेत पैसे भरून घरी बघणारे 46 लाख. लढत रटाळ झाली, पण थांबल्यानं पैशात नुकसान कोणाचंच झालं नाही. झालं असेल तर बघणाऱ्यांचं. दोघं वेगवेगळ्या टीव्ही वाहिन्यांना बांधलेले होते, हेही विसरू नकोस. बॉक्सरनं ‘हो’ म्हटलं तरी वाहिनी आणि प्रमोटर ‘नाही’ म्हणू शकतात. क्रॉफर्ड आणि स्पेन्स दोघंही अपराजित, एकाच वजनात, तरी वर्षानुवर्षं जुळेना. क्रॉफर्ड जुन्या प्रमोटरच्या करारातून 2021 अखेरीस सुटला, मग जुलै 2023 मध्ये लढत झाली. स्पेन्स तीनदा खाली गेला आणि नवव्या राउंडमध्ये पंचांनी लढत थांबवली.

बेल्टची भानगड वेगळीच. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ, डब्ल्यूबीओ, अशा चार संघटना, प्रत्येकीची आपली क्रमवारी आणि आपला सक्तीचा आव्हानवीर. ठरलेल्या मुदतीत त्याच्याशी लढायचं, नाहीतर बेल्ट जातो. पळवाटा मात्र भरपूर. आव्हानवीराला पैसे देऊन ‘जरा बाजूला हो’ म्हणता येतं. दुखापतीचा कागद देऊन मुदत वाढवता येते. नाहीच जमलं तर बेल्ट टाकून दुसऱ्या संघटनेचा धरता येतो. रिडिक बोनं तर डिसेंबर 1992 मध्ये लंडनला पत्रकारांसमोर डब्ल्यूबीसीचा बेल्ट कचऱ्याच्या डब्यात घातला. सक्तीचा आव्हानवीर लेनॉक्स लुईस होता, ज्यानं त्याला 1988 च्या सोल ऑलिम्पिकच्या फायनलमध्ये हरवलं होतं. प्रोमध्ये दोघं कधीच समोरासमोर आले नाहीत. पण बेल्ट सोडला म्हणजे पळाला, असं सरसकट धरू नकोस. उसिकनं मे 2024 मध्ये फ्युरीला हरवून चारही बेल्ट एकत्र केले आणि पुढच्याच महिन्यात आयबीएफचा सोडला, कारण त्यांना आपला आव्हानवीर हवा होता आणि याची फ्युरीशी परतीची लढत ठरलेली होती. जास्त अवघड लढतीसाठी बेल्ट सोडणाऱ्याला मी तरी पळपुटा म्हणणार नाही.

ती उसिक-फ्युरी लढत रियाधला झाली. सौदीच्या पैशानं वर्षानुवर्षं अडलेल्या लढती पटापट जुळायला लागल्या, त्याचं कारण सोपं आहे. हरणाऱ्यालाही एवढी रक्कम आधीच बांधून मिळाली की हरण्याची किंमत भागते. बॉक्सर तेच, त्यांची छाती काही एकाएकी चार बोटं रुंद झाली नव्हती.

कोण खरंच टाळतोय हे ओळखायचं असेल तर मुलाखती ऐकू नकोस, अटी बघ. रक्कम वाजवी असून वजनावर अडतो का? मधल्याच कुठल्या वजनावर बोलावतो का? डेव्हिस आणि रायन गार्सियाची एप्रिल 2023 ची लढत 136 पौंडांवर ठरली आणि वर अट अशी, की लढतीच्या दिवशी सकाळी 10 पौंडांपेक्षा जास्त वाढलेलं चालणार नाही. वजन तोडून मग पाणी-मीठ भरून येणाऱ्या, गार्सियासारख्या उंच माणसाची ताकद तिथंच निम्मी होते. गार्सिया सातव्या राउंडमध्ये बरगडीखालच्या एका ठोशानं बसला. अशी अट नसली की काय होतं तेही बघ. मार्च 2014 मध्ये सालिडो 126 पौंडांच्या किताबी लढतीला 128 पौंड 4 औंस भरला, काट्यावरच बेल्ट गमावला, आणि रिंगमध्ये 147 पौंडांचा होऊन लोमाचेन्कोवर तुटून पडला. लोमाचेन्को त्या रात्री 136 चा होता. हरला. रिंग किती फुटी, ग्लोव्हज कोणते, परतीची लढत एकतर्फी कोणाच्या हक्काची, हे सगळं याच पोटात येतं. रिंग लहान असली की पाय चालवणाऱ्याची कोंडी होते, तुझ्यासारख्याची तर नक्कीच.

अमॅच्युअरमध्ये तुला हे कधी लागलं नाही, कारण तिथं जोड्यांचा ड्रॉ (सोडत) निघतो आणि समोर येईल त्याच्याशी लढावं लागतं. हरलास तर स्पर्धा जाते, भाव जात नाही. संघनिवडीच्या ट्रायलचंही तेच. निखत झरीननं 2019 मध्ये ट्रायल मागितली, डिसेंबरात झाली, मेरी कोमनं 9-1 नं जिंकली, विषय संपला. प्रोमध्ये असा विषय संपवणारा कोणी नाही. तिथं विजेंदर सलग बारा लढती जिंकला, पण मार्च 2021 मध्ये गोव्यात तेरावी हरला, तेव्हा बारांपेक्षा त्या एकीचीच चर्चा जास्त झाली.

आता तुझा करार. पहिल्या सहा लढतींत चार राउंडचे कच्चे प्रतिस्पर्धी दिलेत त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. सगळ्यांना तसेच देतात, ते शिकण्यासाठीच असतात. फक्त सहाच्या सहा बुटके आणि उजवे नकोत. एक डावखुरा आणि एक तुझ्यापेक्षा उंच असा माग, म्हणजे पुढं आठ राउंडला गेल्यावर अंगलट येणार नाही.

प्रतिस्पर्धी नाकारायचा हक्क तुला दिलेला नाही, तो लिहून घे. तीन नावांतून एक निवडायचं, एवढं तरी. वर्षाला किमान किती लढती याचा आकडा नाही, ‘शक्यतो चार’ लिहिलंय. ‘शक्यतो’ खोडायला सांग आणि त्या न दिल्यास करार सुटेल असं जोड. दुखापतीच्या काळाइतकी मुदत आपोआप वाढते असं कलम आहे. त्याला वरची मर्यादा हवी, नाहीतर मनगट मोडलं तर तू बत्तिशीपर्यंत त्यांचाच. मॅनेजर आणि प्रमोटर एकाच घरातले दिसतात. अमेरिकेत 2000 च्या कायद्यानं याला मोठ्या लढतींत मनाई आहे, कारण एकाचं काम तुझी रक्कम वाढवणं आणि दुसऱ्याचं ती कमी ठेवणं. मॅनेजर आपला वेगळा बघू. एमआरआय आणि डोळ्यांच्या तपासणीचा खर्च कोणाचा, याबद्दल कागदावर अक्षर नाही.

रविवारी येताना मूळ प्रत आण. सोमवारी विजयनगरला कोर्टाजवळच्या वकिलांकडे जाऊ. तोवर त्यांच्या माणसाचा फोन आला तर ‘पप्पांकडे कागद आहे’ एवढंच सांग आणि ॲडव्हान्स खात्यावर घेऊ नकोस.

तुझा,
पप्पा