मुक्कामाच्या गावच्या सिस्टरांना एका एसटी चालकाचे आभारपत्र

आदरणीय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

आपली बदली दुसऱ्या तालुक्यात झाल्याचे मला रजेवरून परतल्यावर कळले, त्यामुळे समक्ष भेटून आभार मानायचे राहून गेले. हे पत्र सर्वांना वाचता येईल असे मुद्दाम लिहितो आहे, कारण आपण माझ्या रक्तदाबासाठी जे केले, ते गाडी चालवून पोट भरणाऱ्या प्रत्येकाला कळावे असे मला मनापासून वाटते.

आमची मुक्कामी गाडी संध्याकाळी कोयना खोऱ्यातल्या आपल्या गावी पोहोचायची आणि पहाटे परत निघायची. आरोग्य उपकेंद्रात तीस वर्षांवरील प्रत्येकाची रक्तदाब तपासणी चालू असताना, आम्ही त्या गावचे नसूनही आपण आम्हा चालक-वाहकांना वगळले नाही. घाटरस्त्याने गाडी घेऊन आलेल्या माणसाच्या दंडाला लगेच पट्टा बांधून आकडा लिहून टाकणे सोपे होते. आपण आधी मला लघवीला जाऊन यायला सांगितलेत, कारण तुंबलेल्या लघवीनेही आकडा वाढतो आणि चालक मंडळी फेरी संपेपर्यंत ती दाबून ठेवतात, हे आपल्याला ठाऊक होते. मग पाठ टेकवून आणि पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे न बोलता बसवलेत, गेल्या अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू झाली आहे का ते विचारलेत आणि हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवलात. नेहमीचा पट्टा माझ्या दंडाला तोकडा पडतो हे दिसताच कपाटातून मोठा पट्टा काढलात. लहान पट्ट्याने रक्तदाब उगाच जास्त दिसतो, हे मला तोवर कोणीही सांगितले नव्हते. एवढे करूनही आकडा आला १५८/९६. मिनिटभराने पुन्हा मोजलात, तोही जवळपास तितकाच भरला, आणि तरीही आपण म्हणालात, "काका, एका दिवसावरून ठरवायचं नाही, पुढच्या मुक्कामाला पुन्हा बघू."

पुढच्या वेळीही तो १४०/९० या उच्च रक्तदाबाच्या मर्यादेच्या वरच निघाला. माझे डोके दुखत नव्हते, चक्कर येत नव्हती, झोपही बरी लागत होती. रक्तदाब बहुधा काहीच न जाणवू देता वर्षानुवर्षे मेंदू, हृदय, मूत्रपिंड आणि डोळ्यांच्या रक्तवाहिन्या खराब करतो, हे आपण समजावलेत, पण माझ्या मनातली खरी भीती वेगळी होती आणि ती आपण न विचारता ओळखलीत. परवाना जाईल म्हणून रक्तदाब लपवणारे चालक मी पुष्कळ पाहिले आहेत. परवान्याच्या अर्जासोबतच्या स्वघोषणेत फेफरे, अचानक शुद्ध हरपणे, भोवळ येणे यांविषयी विचारलेले असते; उपचार घेऊन आटोक्यात ठेवलेल्या रक्तदाबापेक्षा लपवून ठेवलेला रक्तदाबच माणसाला तिथवर नेऊ शकतो, हे आपले बोलणे मला पटले.

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम लिहून दिले. पहिली गोळी साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी घरी घ्या, गरगरल्यासारखे होते का ते बघा आणि मगच स्टिअरिंगवर बसा, ही सूचना आपली. आमची ड्युटी कधी पहाटेची तर कधी दुपारची, म्हणून घड्याळ न धरता सकाळच्या दात घासण्याशी गोळी जोडून दिलीत. या गोळीने काहींच्या घोट्यांना सूज येते, आणि आमचे पाय तर दिवसभर लोंबतेच, तेव्हा सूज दिसली तर गोळी परस्पर बंद न करता कळवा, असेही बजावलेत. पुढे दुसरे औषध वाढवायची वेळ आली, तेव्हा लघवी वाढवणारी गोळी घाटातल्या चालकाला अवघड जाईल हे आपण स्वतः डॉक्टरांच्या कानावर घातलेत आणि त्यांनी टेल्मिसार्टन ४० दिले. माझ्या आजाराकडे माझ्या कामासकट पाहणारे आपल्याइतके कोणी मला भेटले नव्हते.

कंबरदुखीसाठी मी औषधांच्या दुकानातून घेत असलेल्या गोळ्यांची पाकिटे आपण आणायला लावलीत. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या रक्तदाब चढवतात, सर्दीच्या काही गोळ्याही चढवतात आणि काहींनी गुंगी येते, हे प्रत्येक आगाराच्या भिंतीवर लिहून लावण्यासारखे आहे. मिठाबद्दल आपण घरच्या डब्यापासून बोललात: दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळे मिळून चहाचा एक लहान चमचा, आणि त्यातले बरेचसे लोणचे, पापड, फरसाण यांतूनच संपते. आमच्या घरी आता भाताला मीठ घालत नाहीत.

सर्वांत मोलाचा प्रश्न आपण मला नव्हे, माझ्या वाहकाला विचारलात. मुक्कामाला आम्ही एकाच खोलीत झोपतो, तेव्हा घोरताना माझा श्वास मध्येच अडकतो का, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? झोपेत श्वास अडकणाऱ्याचा रक्तदाब औषधानेही सहजी उतरत नाही आणि दिवसा गाडी चालवताना डुलकी लागण्याचा धोका असतो. मला तो विकार नव्हता. आमच्या आगारातल्या दुसऱ्या एका चालकाला मात्र निघाला. तो आता उपचार घेतो आहे, आणि त्याच्या गाडीतल्या प्रवाशांच्या वतीने याबद्दल आपले आभार मानणे मला माझे कर्तव्य वाटते.

उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातून सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा यांच्यासोबत आपला सातारा जिल्हाही त्यात होता. एका वेळी महिनाभराच्या गोळ्या आणि प्रत्येकाचे कार्ड, ही पद्धत फिरत्या माणसाला फार सोयीची आहे. पण कार्डावर काय लिहायचे, हे शेवटी लिहिणाऱ्यावर असते. आपण माझ्या कार्डावर "चालक, मोठा पट्टा" अशी नोंद करून ठेवलीत, म्हणून नव्या सिस्टरांनी मला काही न विचारता तोच पट्टा काढला. गेल्या वेळी आकडा १२८/८२ होता.

आपल्या नव्या गावीही मुक्कामी गाडी येत असेल. तिथल्या चालकांना आपण बोलावून घ्याल याची मला खात्री आहे. ते टाळाटाळ करू लागले तर हे पत्र त्यांना खुशाल दाखवावे.

आपला कृतज्ञ,
एक एसटी चालक
सातारा जिल्हा