काका, तुम्ही आमच्या चर्चच्या वह्या वाचल्यात त्याबद्दल

काका, नमस्कार. व्हॉट्सअ‍ॅपवर थँक्यू म्हणून झालंय पण तेवढ्याने माझं समाधान होत नाहीये, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

इथे नेब्रास्कातल्या आमच्या छोट्या गावात घरापासून चालत जाण्यासारखं एकच चर्च, ल्युथरन (प्रोटेस्टंटांमधला एक पंथ), आम्ही नवीन आलो तेव्हा पहिल्याच रविवारी लोकांनी सरकून आम्हाला बाकावर जागा करून दिली आणि तेव्हापासून तीच आमची मंडळी. यंदा मंडळीला १५० वर्षं झाली, पुस्तिकेचं काम माझ्याकडे आलं, आणि कपाट उघडलं तर आत जर्मन वह्या. बाप्तिस्मा, दृढीकरण (मुलं मोठी झाल्यावर श्रद्धेची जाहीर कबुली देतात तो विधी), लग्न, दफन, सगळ्या नोंदी कुरेंट लिपीत, म्हणजे ते जुनं टोकदार हस्ताक्षर ज्यात ‘ई’ अक्षर ‘एन’सारखं दिसतं. इथल्या आजीआजोबांनाही ते आता वाचता येत नाही. तुम्ही आयुष्यभर जर्मन शिकवलंत एवढंच मला मावशीकडून कळलं होतं, घाबरत घाबरत एक फोटो पाठवला तर तुमचं उत्तर काय, "पुढचं पान पाठव." मग चार महिने तुम्ही रोज रात्री जेवण झालं की भिंग घेऊन बसत होतात.

दफनाच्या वहीत एका हिवाळ्यात लहान मुलांच्या नावापुढे परत परत एकच शब्द होता, आम्हाला वाटलं ब्राउन आडनावाचं कुटुंब असेल. तुम्ही सांगितलंत की ते आडनाव नाही, तो ‘हाल्सब्रॉयने’ आहे, घटसर्पाचं जुनं नाव. एकाच घरातली तीन भावंडं होती त्यात. त्या रात्री तुमचा मेसेज आला, आज इथेच थांबतो, पुढचं उद्या. मीही मग लॅपटॉप बंद केला, झोप मात्र आली नाही.

आणि सभेची वही! ती मध्येच जर्मनमधून इंग्लिशमध्ये जाते, आम्ही समजत होतो की नवा सेक्रेटरी आला असेल. तुम्ही दोन पानं शेजारी ठेवून दाखवलंत की हात तोच आहे, फक्त इंग्लिश अक्षरं पहिलीतल्या मुलासारखी एकेक करून काढलीयेत. पहिल्या महायुद्धानंतर इथे जर्मन बोलणाऱ्यांवर सगळ्यांचा डोळा होता, १९१९ मध्ये नेब्रास्काने कायदाच केला की आठवी पास होईपर्यंत मुलांना परकी भाषा शिकवायची नाही, आणि १९२० मध्ये हॅम्प्टनजवळच्या झायन ल्युथरन शाळेचे मास्तर रॉबर्ट मेयर १० वर्षांच्या मुलाकडून बायबलमधली गोष्ट जर्मनमध्ये वाचून घेताना सापडले. २५ डॉलर दंड. ते सुप्रीम कोर्टापर्यंत लढले आणि १९२३ मध्ये जिंकले. हे सगळं मी वाचलेलं होतं, पण आमच्याच वहीतला तो अडखळणारा हात बघितल्यावर ते मला खरं कळलं, कारण माझी मुलगी मराठीत नाव लिहिते तेव्हा तिची अक्षरं अगदी तशीच येतात.

मला सगळ्यात जास्त काय आवडलं सांगू? जिथे वाचता आलं नाही तिथे तुम्ही अंदाजाने काही भरलं नाहीत, प्रश्नचिन्ह टाकलंत. मी घाई करत होते, छपाईची तारीख जवळ आली होती, तरी तुम्ही म्हणालात "कुणाचं तरी लेकरू आहे ते, चुकीचं नाव नको."

वर्धापनदिनाच्या उपासनेत पाळकांनी त्या हिवाळ्यातल्या मुलांची नावं एकेक करून वाचली. मागच्या बाकावरच्या एक आजी मध्येच उभ्या राहिल्या, त्यातलं एक नाव त्यांच्या आजोबांच्या धाकट्या बहिणीचं होतं आणि ती कुठे पुरलीये ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. आता माहीत आहे, वहीत जागेची नोंद आहे, तुम्हीच वाचलीत.

पुस्तिकेच्या दोन प्रती कुरियरने पाठवल्यात, एक तुमची आणि एक काकूंची, कारण त्यांनी तेवढ्या रात्री टीव्हीचा आवाज कमी ठेवला. शेवटून दुसरं पान बघा, ते एक नाव तुमच्या प्रश्नचिन्हासकट तसंच छापलंय.