लक्षद्वीपच्या फुलपाखरांची यादी आणि नावं माहीत नसलेली माणसं

लक्षद्वीपच्या फुलपाखरांची यादी एकदाची जुळत आलीये, आणि ज्यांच्यामुळे जुळली त्यातल्या बहुतेकांची नावंसुद्धा मला माहीत नाहीत, म्हणून इथेच थँक्यू म्हणते. कवरत्तीच्या बोटीत ज्या काकांनी कॅमेऱ्याची बॅग लाटांच्या पाण्यापासून वाचवायला स्वतःच्या मांडीवर घेतली ते, आणि मिनिकॉयमधल्या त्या ताई ज्यांनी परसातल्या रुईवर अळी दिसली की लगेच फोटो पाठवला. बिबळ्या कडवा हे फुलपाखरू आणि छोटा चांदवा या दुसऱ्या फुलपाखराची मादी दोन्ही तांबूस-नारिंगी, लांबून अगदी सारखीच, कडवा चवीला कडू म्हणून पक्षी सोडून देतात आणि चांदव्याची मादी त्याचीच नक्कल करते. ओळखायचं मागच्या पंखावरून, कडव्याला मधोमध काळे ठिपके, चांदव्याच्या मादीला फक्त वरच्या कडेला एकच. हे एकदा सांगितल्यावर अगत्तीच्या पोरांनी इतके स्वच्छ, पंख उघडे असलेले फोटो दिले की खरंच भरून आलं! ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ गार्डिनर १८९९-१९०० मध्ये या बेटांवर आले होते, तेव्हाही होडी वल्हवणारे कोणीतरी असणारच ना, त्यांचेही आभार. फोटो अजून पाठवत रहा प्लीज, मागचा पंख दिसेल असे.