व्हीगन बूट घेताय? आधी जीभ उलटून पाहा

संपादक महोदय,

सणासुदीच्या पुरवण्यांत हल्ली ‘व्हीगन स्नीकर्स’ना एक चौकट हमखास मिळते. पांढराशुभ्र जोड, खाली किंमत आणि ‘प्राणिमुक्त, पर्यावरणपूरक’ एवढाच मजकूर. जोड दिसतो देखणा, त्याबद्दल तक्रार नाही. पण तो कशाचा केला आहे हे त्या चौकटीत नसते, खोक्यावर क्वचितच असते आणि दुकानातल्या विक्रेत्यालाही बहुधा ठाऊक नसते. खाद्यपदार्थांसाठी २०२२ पासून व्हीगन शब्दाची कायदेशीर व्याख्या आणि हिरवे चिन्ह आहे. पादत्राणांना ते लागू नाही. त्यामुळे बुटावर हा शब्द कोणीही छापू शकतो, आणि तपासायचे काम शेवटी गिऱ्हाइकाच्याच गळ्यात पडते. ते करता येते. फक्त कुठे पाहायचे हे माहीत हवे.

बुटाचा पृष्ठभाग पाहून काही कळत नाही. चामड्याचा खालचा, कमी प्रतीचा थर सोलून त्यावर पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा पातळ पापुद्रा चढवला की ते हुबेहूब रेक्झिनसारखे दिसते. उलट चांगल्या कृत्रिम चामड्यावर रंध्रांचा असा ठसा उठवतात की हात फिरवूनही फरक कळू नये. म्हणून जीभ, म्हणजे नाड्यांखालची पट्टी, उलटायची आणि तिची कापलेली कड पाहायची. नाड्यांच्या भोकांपाशी आणि घोट्याजवळच्या काठालाही कड उघडी सापडते. चामड्याची कड तंतूंच्या गुंत्यासारखी, एकजीव दिसते. नखाने खरवडली की बारीक तंतू सुटतात. कृत्रिम मालाच्या कडेला दोन थर स्पष्ट दिसतात, वर प्लास्टिकचा पापुद्रा आणि खाली विणलेले कापड. फसवतो तो मायक्रोफायबर, म्हणजे अतिबारीक कृत्रिम धाग्यांचा माल. त्याचाही पाया तंतूंचाच असतो, मात्र तंतू एकसारखे, बारीक आणि बहुतेकदा एकाच रंगाचे असतात. पाण्याचा थेंब टाकून पाहा, असा सल्ला बरेच जण देतात. पापुद्रा चढवलेल्या चामड्यावर तो थेंब प्लास्टिकवर घरंगळावा तसाच घरंगळतो, त्यामुळे ही परीक्षा फारशी कामाची नाही. (जाळून वास घेण्याची परीक्षा अचूक असते, पण ती दुकानात करून पाहू नये.)

कोणत्या घाटाच्या बुटात चामडे दडते, हेही ठरलेले आहे. साध्या कॅनव्हासच्या उंच बुटात ते सहसा नसते. असलेच तर टाचेवरच्या किंवा घोट्यावरच्या बिल्ल्यात. विणलेल्या अपरच्या (बुटाच्या वरच्या भागाच्या) धावण्याच्या बुटातही क्वचितच. धोका आहे तो सध्या सर्वांत चलती असलेल्या जुन्या वळणाच्या रनरमध्ये. नायलॉनच्या जाळीवर टोकाला आणि टाचेला मऊ, मखमली पट्ट्या असतात, त्या अनेकदा अस्सल स्वेडच्या, म्हणजे गाय किंवा डुकराच्या कातडीच्या असतात. फुटबॉलच्या महाग बुटांत तर कांगारूचे कातडे वर्षानुवर्षे वापरात होते. प्यूमाने २०२३ मध्ये ते थांबवले. आणखी एक गोम अशी की एकाच नावाचा बूट दोन्ही प्रकारांत मिळतो. आदिदासचा सांबा चामड्याचाही आहे आणि व्हीगनही. फ्रान्सच्या वेजा कंपनीचे काही जोड मक्याच्या स्टार्चचा लेप दिलेल्या कापसाच्या कापडाचे, तर काही सरळ चामड्याचे. म्हणून ‘अमुक ब्रँड व्हीगन आहे’ या वाक्याला अर्थ नाही. मॉडेलचे पूर्ण नाव आणि आर्टिकल क्रमांक घेऊनच चौकशी करावी.

प्रमाणचिन्हांची वजनेही सारखी नाहीत. ब्रिटनच्या व्हीगन सोसायटीचे सूर्यफुलाचे चिन्ह उत्पादनागणिक नोंदवावे लागते. पेटा या प्राणिहक्क संघटनेचे चिन्ह मुख्यतः कंपनीने लिहून दिलेल्या हमीवर मिळते. दोन्ही चिन्हे नसण्यापेक्षा बरी, पण कारखान्यातल्या माणसांविषयी त्यांतून फारसे काही कळत नाही.

आता डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टी. ‘डिंकात हाडे असतात’ ही भीती आजच्या स्नीकरपुरती बहुतांशी जुनी झाली. कारखान्यात सोल चिकटतो तो पॉलियुरेथेन किंवा निओप्रीनच्या सोल्यूशनने. खरा प्रश्न रबराचा आहे. रबर पक्के करताना शंभर भाग रबराला साधारण तीन ते पाच भाग झिंक ऑक्साइड आणि एक-दोन भाग स्टिअरिक आम्ल घालतात. हे आम्ल पामतेलापासून मिळते, तसेच जनावरांच्या चरबीपासूनही. तयार सोलवरून ते ओळखता येत नाही, कंपनीने पुरवठादाराकडून लेखी घेतले असेल तरच सांगता येते. मात्र आम्लाचा कीस काढत बसण्याआधी जीभ, अस्तर आणि सुखतळा तपासावा. चुका तिथेच जास्त होतात.

चामडे नको म्हणजे मग काय, याचे सरळ उत्तर बहुतेक वेळा प्लास्टिक असे आहे. अननसाच्या पानांच्या धाग्यांपासून केलेला पिन्याटेक्स, मेक्सिकोतला निवडुंगाचा डेझर्टो, इटलीतला सफरचंदाच्या चोथ्याचा माल ही नावे ऐकायला गोड आहेत. पण निवडुंग आणि सफरचंदाच्या मालात वनस्पतीची भुकटी पॉलियुरेथेनमध्ये मिसळून कापडावर थापलेली असते, आणि अननसाच्या धाग्यांनाही वरून राळेचा लेप लागतोच. जर्मनीत फ्रायबर्गच्या फिल्क संस्थेने २०२१ मध्ये चामडे, कृत्रिम चामडे आणि असे नवे पर्याय एकत्र तपासले. काही गुणांत पर्याय सरस ठरले, पण सगळ्या गुणांत चामड्याशी बरोबरी करणारा एकही निघाला नाही. (ही संस्था मुळात चामडे आणि प्लास्टिकच्या तक्त्यांवरच संशोधन करणारी आहे, हेही लक्षात ठेवावे.) म्हणून ‘फळाचे चामडे’ असे लिहिले असेल तर वनस्पतीचा अंश किती टक्के, एवढाच प्रश्न विचारावा. आकडा देत नसतील तर जाहिरात समजून पुढे जावे.

कोकण-मुंबईच्या हवेत या मालाचा खरा शत्रू दमटपणा आहे, आणि यावर कोणी लिहीत नाही. पॉलियुरेथेनच्या साखळीतले एस्टर बंध पाण्याच्या वाफेने तुटतात. तुटताना आम्ल तयार होते, ते उरलेले बंध आणखी वेगाने तोडते, उष्णतेने हा वेग वाढतो. परिणाम असा की एकदाही न घातलेला, खोक्यात जपून ठेवलेला जोड चार-पाच वर्षांनी पायात घालावा आणि मधला सोल शिळ्या नानकटाईसारखा भुगा होऊन पडावा. गिऱ्हाईक ‘डुप्लिकेट माल’ म्हणून भांडते. माल अस्सल असतो, वय झालेले असते. अपरचा पापुद्रा याच कारणाने सुटतो, आणि सुरुवात नेहमी बोटांमागच्या घडीपासून होते, कारण प्रत्येक पावलाला वाकते ती तीच जागा. ईथर जातीचे पॉलियुरेथेन ओलाव्याला जास्त टिकते, पण महाग पडते. ईव्हीए या दुसऱ्या हलक्या प्लास्टिकच्या फोमला हा रोग नाही. तो हळूहळू दबून कडक होतो आणि उन्हात किंवा गाडीच्या डिकीत तापला तर आकसतो.

याचा खरेदीशी संबंध असा. खोक्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असते, ते वाचावे. मधला सोल पॉलियुरेथेनचा असेल आणि माल दोन वर्षांहून जुना असेल, तर साठ टक्के सवलतीतही घेऊ नये. सेलमध्ये नेमका हाच माल पुढे मांडलेला असतो. बूट हातात धरून बोटांपाशी पाच-सहा वेळा वाकवावा. सोलवर केसासारख्या रेषा उमटल्या, स्पर्श चिकट लागला किंवा अंगठ्याच्या नखाचा ठसा तसाच राहिला तर परत ठेवावा. घरी आणल्यावर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकू नये. पावसात भिजला तर सुखतळा बाहेर काढून, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली वाळवावा आणि दोन-तीन तासांनी बोळे बदलावेत. गॅसजवळ किंवा कडक उन्हात नको.

रोजच्या वापरासाठी, देखणेपण राखून, आमचे मत कॅनव्हासच्या बाजूने आहे. चौरस यार्डाला दहा-बारा औंस वजनाचे दुपदरी कापड, खाली पक्के रबर आणि कडेने फिरवलेली रबरी पट्टी. हा जोड भट्टीत सुमारे ११० ते १३० अंशांना तासभर भाजला जातो, त्यामुळे रबर आणि कापड नुसते चिकटवलेले राहत नाही. पट्टी सुटते ती वाकण्याच्या जागी, म्हणून घेताना तिथे बोटाने दाबून पाहावे. ऑफिसात चालेल असा पांढरा बूट हवा असेल तर मायक्रोफायबरचा अपर आणि वाटीच्या आकाराचा, कडेने शिवलेला रबरी सोल घ्यावा. ही शिलाई उसवली तर कोपऱ्यावरचा मोची पुन्हा घालून देतो. फोमच्या सोलला दोरा घातला की फोमच फाटतो.

मापात एक पथ्य पाळावे. चामडे पायाप्रमाणे सैलावते, कृत्रिम माल सैलावत नाही. ‘घालून घालून होईल’ हे विक्रेत्याचे वाक्य इथे लागू नाही. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, रोजचे मोजे घालून मापून पाहावे आणि अंगठ्यापुढे दहा-बारा मिलिमीटर जागा ठेवावी.

प्राण्यांची बाजू सांभाळली म्हणजे खरेदी नैतिक झाली, असे मात्र नाही. सोल्यूशनमधल्या नॉर्मल हेक्झेन या सॉल्व्हंटने बूटकामगारांच्या हातापायांच्या नसा निकामी होतात, हे इटली आणि जपानमध्ये कित्येक दशकांपूर्वी नोंदले गेले आहे. मुंबईत ठक्करबाप्पा कॉलनीतल्या पोटमाळ्यांवर किंवा हरयाणात बहादूरगडला बंद खोलीत ब्रश फिरवणाऱ्या माणसाला बूट चामड्याचा की रेक्झिनचा याने फरक पडत नाही. खिडकी उघडी आहे का आणि डब्यात कोणते सोल्यूशन आहे याने पडतो. सॉल्व्हंटऐवजी पाण्यावर आधारलेली चिकटद्रव्ये उपलब्ध आहेत. ती वाळायला वेळ आणि उष्णता जास्त लागते, म्हणून स्वस्त माल करणारा ती टाळतो. तमिळनाडूत अंबूरच्या बायका घरी बसून नगावर अपर शिवतात, त्यांची नावे कुठल्याच हजेरीपटावर नसतात.

म्हणून कंपनीला एक मेल टाकावा आणि नेमके विचारावे. अपर, जीभ, अस्तर, सुखतळा आणि बिल्ला प्रत्येकी कशाचे? मधला सोल ईव्हीएचा की पॉलियुरेथेनचा? चिकटद्रव्य पाण्यातले की सॉल्व्हंटमधले? स्टिअरिक आम्ल वनस्पतिजन्य असल्याचे लेखी आहे का? शिलाई आणि जोडणी कोणत्या गावातल्या कोणत्या कारखान्यात झाली? ‘आम्ही शाश्वततेला बांधील आहोत’ असे उत्तर आले तर ते उत्तर नव्हे. पुनर्वापरित पॉलिएस्टरचा दावा असेल तर जीआरएस (ग्लोबल रिसायकल्ड स्टँडर्ड) प्रमाणपत्राचा क्रमांक मागावा; त्या मानकाचे चिन्ह लावायला निदान ५० टक्के पुनर्वापरित अंश लागतो. ‘ऑरगॅनिक’ कापसासाठी जीओटीएस (ग्लोबल ऑरगॅनिक टेक्स्टाइल स्टँडर्ड) या मानकाची अट ९५ टक्क्यांची आहे. हीच नजर कपड्यांवरही टाकावी: जीन्सच्या कमरेमागचा बिल्ला बऱ्याचदा चामड्याचा असतो, आणि काही शर्टांची बटणे शिंपल्याची.

किमतीचा हिशेब महिन्यावर करावा. समजा, १,५०० रुपयांचा जोड आठ महिन्यांत पापुद्रे टाकू लागला, तर महिन्याला १८७ रुपये पडले. ४,५०० चा शिवलेल्या सोलचा जोड तीन वर्षे चालला तर १२५. गंमत अशी की सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या जोडावर पाच टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्या जोडावर अठरा. ग्राहकाला टिकाऊ वस्तू घ्या म्हणायचे आणि कर मात्र असा लावायचा.

ओघात एक गोष्ट लिहायलाच हवी. व्हीगन खरेदीची चर्चा निघाली की कोल्हापुरी चप्पल आणि ती करणारा समाज यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जाते. चामडे न वापरण्याचा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. पण वनस्पतींच्या सालींनी कमावलेल्या चामड्याची, हाताने शिवलेली आणि पुनःपुन्हा दुरुस्त होणारी ती चप्पल फेकल्यावर मातीत मिसळते, आणि पीव्हीसीचा ‘व्हीगन’ सँडल मिसळत नाही, हे नाकारून चालणार नाही. शिवाय तुमच्या स्नीकरची शिलाई घालून देणारे हातही त्याच कारागिरांचे आहेत.

दाव्यांच्या बाबतीत ग्राहक अगदीच हतबल नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणविषयक फसव्या दाव्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. ‘पर्यावरणपूरक’, ‘ग्रीन’ असे मोघम शब्द पुराव्याशिवाय वापरता येत नाहीत. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, बिल आणि खोक्याचा फोटो जवळ ठेवून १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. आयएसआय चिन्ह असेल तर त्याखालचा सीएम/एल हा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अॅपमध्ये टाकून पाहावा; त्यातून दर्जाचा परवाना खरा की खोटा हे कळते, चामडे आहे की नाही हे नाही.

ही उणीव भरायला नवे काही शोधायची गरज नाही. युरोपात १९९४ च्या निर्देशानुसार प्रत्येक जोडावर अपर, अस्तर-सुखतळा आणि सोल अशा तीन भागांपुढे चित्र किंवा लेखी उल्लेख लागतो: कातड्याची आकृती म्हणजे चामडे, कातड्यात चौकट म्हणजे लेप दिलेले चामडे, जाळी म्हणजे कापड आणि नुसती तिरकी चौकट म्हणजे इतर माल. भारतातून युरोपात विकायला जाणाऱ्या जोडांवरही ही चित्रे किंवा तसा लेखी उल्लेख असावाच लागतो. त्यात एक पळवाट आहे. जो माल त्या भागाच्या ८० टक्के असेल त्याचेच चित्र लावायचे असल्याने उरलेल्या २० टक्क्यांत स्वेडची पट्टी बिनबोभाट बसते. भारतीय मानक ब्युरोने ही चित्रे देशातल्या विक्रीसाठी सक्तीची करावीत, करताना ८० टक्क्यांची सवलत काढून टाकावी आणि सोलचा माल, म्हणजे ईव्हीए, पॉलियुरेथेन, रबर की पीव्हीसी, उत्पादनाच्या महिन्याशेजारी छापायला लावावा.

आपला,
पादत्राण उत्पादन क्षेत्रातील एक वाचक, ठाणे