रविवारची राईड आणि ‘दीड मीटर’ मोहीम

नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी सकाळी ६ वाजता वाशीच्या मिनी सीशोरजवळ जमायचे आहे. सायकल राईड छोटी असेल, पाम बीच रोडने सानपाड्यापर्यंत आणि परत. त्यानंतर टॅक्सी-रिक्षा स्टँडवर आणि सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये चालकांशी बोलायचे आहे.

‘सायकलस्वारांना जपा’ असे मोघम सांगून कोणाची सवय बदलत नाही, म्हणून मागणी दोनच गोष्टींची. ओव्हरटेक करताना दीड मीटर अंतर सोडा. ब्रिटनच्या ‘हायवे कोड’ या वाहतूक नियमावलीत २०२२ पासून किमान हेच अंतर सांगितले आहे. दुसरे, गाडी थांबवल्यावर चालकाने उजवे दार डाव्या हाताने उघडावे. त्याने शरीर आपोआप वळते आणि मागून येणारी सायकल दिसते. हे तिथेच करून दाखवा, नुसते पत्रक हातात देऊ नका. स्टिकर दाराच्या आतल्या बाजूला, हँडलजवळ लावायला सांगा. आठवण त्या क्षणीच व्हायला हवी.

त्यांची तक्रारही मनापासून ऐका. आपण तिघे-चौघे शेजारी-शेजारी चालवतो, सिग्नल तोडतो, हे ते सांगतीलच आणि ते खरे आहे. या राईडला एकामागोमाग एकच रांग. हेल्मेट आणि मागचा लाल दिवा नसेल तर राईडला घेणार नाही.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत ग्रुपवर नाव कळवावे, म्हणजे स्टिकर तेवढे छापता येतील.

– कार्यकारी समिती